ट्रे संपला की बांधावर

माझ्या हिरव्या ठिपक्याचा जॉब अकरा वर्षांत एकदाबी परत आला न्हवता. हे मी पयलंच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार हाय त्यात माझी फजिती हाय, आणि फजिती ऐकली की माणसं आधीचं चांगलं विसरतात.

मी मंगल. माहेर जांबोटीचं, सासर मच्छ्याचं. घरची शेती नवरा बघतो आणि मी गावाला लागूनच्या इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्यात तपासणीला हाय. ट्रॅक्टरमधी बसणारे बोटाएवढे पोलादी दांडे आमच्याकडं तयार होतात. त्या एकेका दांड्याला आम्ही जॉब म्हणतो. दांड्यावर चार खाचा असतात, आणि खाचेच्या कडेला केसाएवढी जरी धार राहिली तरी जॉब वाया गेला म्हणायचं. ही धार मापात सापडत न्हाय. ती डोळ्याला दिसते, न्हायतर नखाला लागते. म्हणून जॉब दिव्याखाली धरायचा, बोटांत फिरवायचा, खाचेवरनं नख फिरवायचं आणि चांगला असला तर टोकाला रंगाचा ठिपका द्यायचा. माझ्या शेजारी दिपाली बसते, तिचा ठिपका पिवळा. माझा हिरवा. ठिपका म्हणजे आमची सही.

एका ट्रेत पन्नास जॉब. पन्नास बघायला तास जातो. ट्रे संपला की मी उठते. मागच्या दारानं बाहेर पडायचं, कंपाउंडच्या कडेकडेनं गेटपर्यंत जायचं, तिथल्या कडूलिंबाला वळसा घालून परत यायचं. धा मिनिटं. ऊन असो, पाऊस असो. हातात फोन न्हाय, वाटेत कुणाशी गप्पा न्हाय. गेटवर यल्लाप्पा वॉचमन असतो, त्याचं घर कानडी. तो रोज इचारतो, "येल्लिगे, आक्का?" म्हणजे कुठं निघालीस. मी म्हणते, "बांधावर." त्याला मराठी अर्धीच येते, पण हा शब्द त्याचा पक्का झालाय.

बांध माझ्या आईचा. आई माझी नागुबाई, अजून जांबोटीत असते. आमच्याकडं भाताचं रोप लावायला धा-बारा बायका एका ओळीत वाकतात आणि लावत लावत मागं सरकत जातात. शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचलं की बाकीच्या बायका तिथंच वळून पुढची पट्टी धरतात, म्हणजे येळ वाचतो. आई तसं करू द्यायची न्हाय. टोकाला पोचली की ती बांधावर चढायची, ताठ उभी राहायची आणि सगळ्या बायकांना बांधाबांधानं चालवत पयल्या टोकाला परत आणायची. शेतमालक कुरकुरायचे. आई म्हणायची, पाठ सरळ झाल्याबिगर ओळ सरळ येत न्हाय, आणि लावलेलं कुठं चुकलं ते लावताना दिसत न्हाय, चालताना दिसतं. तिच्या लावणीला पार कणकुंबीकडनं बोलावणं यायचं. मी धा वर्षांची असल्यापासनं तिच्यामागनं बांधावर चालले. कारखान्यात वाफ्याच्या जागी ट्रे आला, एवढाच काय तो फरक.

मागच्या वर्षी आमच्याकडं नवीन मॅनेजर आला. साईराज. वडगावचा, विणकराच्या घरातला पोरगा, शिकून इंजिनियर झालेला. वागायला बरा, सगळ्या बायकांना आक्का म्हणायचा. पण त्याला प्रत्येक गोष्टीचा आकडा लागायचा. एक दिवस त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं आणि कॅमेऱ्यातलं दाखवलं. माझी रिकामी खुर्ची. दिवसात सहा वेळा, धा-धा मिनिटं, म्हणजे पुरता एक तास. खुर्ची दुखते का, पाणी लांब हाय का, पंखा पाहिजे का, असं त्यानं खरंच काळजीनं इचारलं. मी त्याला आईचा बांध सांगितला. तो हसला. वाईट हसला न्हाय, पण हसला. म्हणाला, आक्का, तो काळ कष्टाचा होता, आता तुम्हाला उठायची गरजच पडणार न्हाय अशी खुर्ची मी मागवलीया. पाण्याची बाटली टेबलावर, पंखा टेबलावर, चहा टेबलावर. आणि सोमवारपासनं फेरी बंद.

आता मी काय करायला पाहिजे होतं? भांडायला पाहिजे होतं. सर, असं केलं तर माझी नजर जाईल, असं तोंडावर सांगायला पाहिजे होतं. पण मला राग आला, आणि माझा राग असा हाय की तो तोंडातनं बाहेर पडत न्हाय, आत बसून ऱ्हातो. बस म्हणतोस? बसते. अशी बसते की तूच बघत राहशील. मी सोमवारपासनं खुर्चीला जी चिकटले, ती जेवणाच्या सुट्टीशिवाय उठलेच न्हाय. चहाच्या सुट्टीतबी न्हाय. दिपाली म्हणाली, आक्का, एवढं कुणी सांगितलंय तुला, चहाला तरी चल. मी म्हटलं, चहा टेबलावर येतोय की. यल्लाप्पा संध्याकाळी इचारायचा, बांध बुडाला काय.

सहाच्या जागी सात ट्रे व्हायला लागले. साईराजनं बोर्डावर माझं नाव लिहिलं आणि खाली टाळ्यांचं चित्र काढलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. रागात होते तरी आवडलं. पण दुपारी तीन वाजून गेले की डोळ्यांपुढं सगळ्या खाचा सारख्याच दिसायच्या. नख फिरवायचे पण नखाला काय लागलं ते डोक्यापर्यंत पोचायचं न्हाय. घरी जाताना पाय जड, घोटे सुजलेले. मला कळत होतं. तरी मी बसले. अठरा दिवस बसले.

एकोणिसाव्या दिवशी पुण्याच्या कस्टमरकडनं खोकं परत आलं. चौदा जॉब. चौदाच्या चौदा हिरव्या ठिपक्याचे.

मी एकेक हातात घेतला. भिंग लागलं न्हाय, दिवाबी लागला न्हाय. खिडकीच्या उजेडात धार दिसत होती. एक तर अशी होती की दिपालीचं बोट कापलं. मी आयुष्यात एवढी शरमले न्हाय. साईराज वरडला असता तर बरं झालं असतं. तो वरडला न्हाय. हळू आवाजात म्हणाला की कस्टमरला काहीतरी करून दाखवावं लागणार, पुण्याचे साहेब गुरुवारी स्वतः येणार हायत, आणि उद्यापासनं तुम्ही पॅकिंगला बसा. मग त्यानं माझ्या टेबलावरची हिरव्या रंगाची बाटली उचलली आणि खिशात घातली. पॅकिंगचं काम हलकं न्हाय, तिथल्या बाया राबतात. पण त्या कामात ठिपका न्हाय. मी अकरा वर्षं ज्या सहीवर मान वर करून चालले, ती सही त्याच्या खिशात गेली.

रविवारी मी जांबोटीला गेले. आईला सांगितल्याबिगर ऱ्हावंना. बस गावाच्या अलीकडच्या फाट्यापर्यंत मिळाली, पुढची आलीच न्हाय, मग नेहमीसारखी चालत सुटले. चालता चालता मनात साईराजला लई शिव्या घातल्या. घरी पोचेपर्यंत माझी कैफियत तयार होती. आई परड्यात बसून शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं: पोरगं कालचं, त्याला काय कळतंय, त्यानं चालू दिलं न्हाय म्हणून हे झालं. आईनं सगळं ऐकलं. शेंगा सोलायची थांबली न्हाय.

मग म्हणाली, "त्येला कळत न्हवतं म्हणून त्यो बस म्हणाला. तुला तर कळत हुतं न्हवं? मग तू का बसलीस गं?"

म्हातारीनं बरोबर वर्मावर बोट ठेवलं. मी त्याला दाखवायला बसले होते. त्याला खोटं पाडायला बसले होते, आणि खोटा पडला तो माझाच ठिपका. आईनं जेवायला वाढलं आणि एवढंच म्हणाली की रोप वाकडं आलं तर बांधावर उभं राहून मान्य करायचं, खाली उतरायचं आणि उपटून परत लावायचं. त्यात लाज न्हाय. तसंच सोडून घरी जायचं, ती लाज.

सोमवारी पॅकिंगला जायच्या आधी मी साईराजच्या केबिनमध्ये गेले. माझ्या हातात परत आलेल्या खोक्यातल्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक ट्रेबरोबर एक चिठ्ठी जाते, कुणी तपासला आणि किती वाजता, हे तिच्यावर आमच्याच अक्षरात असतं. मी चार चिठ्ठ्या त्याच्या टेबलावर मांडल्या. चौदा जॉब या चार ट्रेंमधले होते, आणि चारीबी ट्रे दुपारी तीननंतरचे. सकाळच्या ट्रेतला एकबी परत आला न्हवता. तो चिठ्ठ्यांकडं बघत बसला. आकड्यांचा माणूस, त्याला बोलून सांगायची गरज पडली न्हाय.

तरी मी बोलले. "सर, तुमचा नियम चुकीचा होता. पण तो चुकीचा हाय हे ठाऊक असून मी गप बसले, ही चूक माझी. गुरुवारी साहेबांपुढं मला तपासणीला बसवा. माझ्या पद्धतीनं. एक जॉब जरी चुकला तरी मी जन्मभर पॅकिंगला बसते, आणि परत बांधाचं नाव काढणार न्हाय."

त्यानं लगेच व्हय म्हटलं न्हाय. संध्याकाळपर्यंत इचार केला. सुटायच्या टायमाला पॅकिंगपाशी आला आणि म्हणाला, गुरुवारी धा वाजता, तीन ट्रे.

गुरुवारी पुण्याचे साहेब आले. केस पिकलेले, कमी बोलणारे, सारखं घड्याळ बघणारे. त्यांनी स्वतःच दीडशे जॉब आणलेले. त्यात काही खराब मिसळलेले, किती ते मला सांगायचं न्हाय. खराब ओळखायचा राहिला तर चूक, आणि चांगला खराब म्हणून बाजूला काढला तरी चूक. कुठला कसा, ते त्यांच्या जवळच्या कागदावर होतं. माझ्या टेबलाभोवती सात-आठ माणसं उभी राहिली. दिपाली हातातलं काम टाकून बघत होती. बाटली नसल्यामुळं मला ठिपका द्यायचा न्हवता, नुसते दोन ढीग करायचे होते.

पयला ट्रे मी पन्नास मिनिटांत संपवला. शेवटचा जॉब ठेवला आणि उठले. साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांनी साईराजला इचारलं, या कुठं चालल्या. साईराजनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं न्हाय, मी मागच्या दारापर्यंत पोचले होते.

अठरा दिवस आणि वर पॅकिंगचे चार, एवढ्या दिवसांनी मी त्या वाटेला लागले होते. पयली शंभर पावलं पाय हलतच न्हवते. मनात एकच येत होतं, की आत आठ माणसं खोळंबलीत आणि मी इथं झाडाला वळसा घालतीया, ह्येला शहाणपणा म्हणायचा का माज म्हणायचा? गेटजवळ आले. यल्लाप्पा खुर्चीतनं उठून उभाच राहिला. "येल्लिगे, आक्का?" इचारताना त्याचं तोंड फुललं होतं. "बांधावर," मी म्हटलं, आणि तो शब्द तोंडातनं गेला तशी माझी पाठ सरळ झाली. परत येताना, संपलेल्या ट्रेतला एक जॉब मला आठवला, तिसऱ्या खाचेजवळ नख जरा थांबलं होतं आणि मी त्याला चांगल्याच्या ढिगात टाकला होता. आत गेले, साहेबांना इचारून तोच जॉब काढला आणि परत दिव्याखाली धरला. धार होती. त्याला खराबात टाकला. आई सांगते ते उगीच न्हाय, लावलेलं चालतानाच दिसतं.

दुसरा ट्रे संपला, मी उठले. या टायमाला मागनं बुटांचा आवाज आला. साईराज. कुणी पाठवलं न्हवतं, आपणच आला. कातडी बूट घालून खडीवरनं चालायची त्याला सवय न्हाय, जरा अडखळत होता. झाडाला वळसा घातल्यावर बोलला.

"आक्का, माझे बाबा चार मागांमध्ये तीस वर्षं चालले. या मागावरनं त्या मागावर, दिवसभर. रात्री पाय चेपताना म्हणायचे, तू शीक रं, आणि बसून काम कर. तुम्हाला चालताना बघितलं की मला त्यांचे पाय दिसायचे. मला वाटलं, तुम्हाला खुर्ची दिली म्हणजे चांगलं केलं."

माझा राग तिथं संपला. इतके दिवस बाळगलेला राग, त्या एवढ्या वाक्यानं संपला. पोरगं मला बसवत होतं ते मान देऊन बसवत होतं, आणि मला वाटलं होतं माझा अपमान करतंय. मी त्याला इचारलं, बाबांचं नाव काय. म्हणाला, अप्पासाहेब. मी म्हटलं, अप्पासाहेबांना चालावं लागत होतं, सर. माग थांबू देत न्हवता. मी माझ्या मर्जीनं चालते, आणि मर्जीनं परत येऊन बसते. त्या चालण्यात आणि या चालण्यात लई फरक हाय. त्यानं मान हलवली आणि आम्ही आत आलो.

तिसरा ट्रे जेवणाच्या सुट्टीला टेकला तेव्हा संपला. शेवटचा जॉब चांगला होता. तो ढिगात ठेवला, दिवा बंद केला आणि उठले.

साहेबांनी पयल्यांदाच आपणहून माझ्याशी बोलणं काढलं. "बाई, आता तर काम संपलं. आता कशाला जाताय? निकाल ऐकून जा."

"ट्रे संपलाय, साहेब," मी म्हटलं. "निकाल काय, कुठं पळून जातोय?"

दिपालीनं तोंडावर हात ठेवला. मी बाहेर पडले. आत कागद आणि ढीग एकमेकांना लावून बघत असतील, एकेक आकडा वाचत असतील. तिथं हात बांधून उभं राहायचं, त्या माणसांच्या तोंडाकडं बघत वाट बघायची, हे मला नको होतं. अकरा वर्षांत ट्रे संपल्यावर मी जे केलं तेच आजबी करणार. पास झाले तरी ही फेरी माझी, आणि नापास झाले तर ही शेवटची फेरी, मग ती तर पुरी केलीच पाहिजे. मी हळू चालले न्हाय, घाईबी केली न्हाय. आई बांधावर चालायची तशी चालले, मान वर करून, उजव्या हाताला लावलेलं शेत असल्यासारखी.

कडूलिंबापाशी पोचले आणि मागनं परत बूट वाजले. या टायमाला ते पळत होते. मी वळले न्हाय. साईराज माझ्यापुढं येऊन उभा राहिला, धापा टाकत. एकोणीस खराब होते, आक्का, म्हणाला. एकोणीसच्या एकोणीस सापडले. आणि चांगला एकबी खराबात गेला न्हाय. साहेब म्हणतायत, हे चालायचं कागदावर लिहून भिंतीला लावा आणि आम्हालाबी एक प्रत पाठवा. मग त्यानं खिशात हात घातला आणि हिरव्या रंगाची बाटली काढून माझ्यापुढं धरली.

माझे डोळे भरून आले. बाटली घ्यायला हात पुढं गेलाबी होता. पण मी तो मागं घेतला.

"थांबा, सर," मी म्हटलं. "फेरी पुरी होऊ दे."

त्यानं बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बाटली हातातच धरून माझ्या शेजारनं चालायला लागला. गेटसमोरनं जाताना यल्लाप्पानं आम्हा दोघांना बघितलं. मला त्यानं काय इचारलं न्हाय. मॅनेजरला सलाम केला आणि त्यालाच इचारलं, "येल्लिगे, सर?"

साईराज म्हणाला, "बांधावर."